पुस्तक छापून देतो म्हणून १,१७,७३० रुपये घेतले, हातात आल्या ४० प्रती

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी काउंटरवर, आणि तरीही फसले. हे आधीच सांगते, म्हणजे 'वयस्कर बाई, तिला काय कळणार' असं कोणी म्हणायला नको.

माझे वडील लालबागच्या गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हापासून त्यांनी वह्या लिहिल्या. रेशनचा हिशोब, मोर्चे, चाळीतलं कोण गावाला गेलं आणि कोण परत आलंच नाही, सगळं. रिटायर झाल्यावर त्या वह्यांवरून मी २१२ पानांचं पुस्तक तयार केलं. दोन प्रकाशकांना पाठवलं, एकाचं उत्तरच नाही, दुसरा म्हणाला दोन वर्षं तरी थांबावं लागेल. आई ८४ वर्षांची आहे, मला थांबायचं नव्हतं. त्यात फेसबुकवर जाहिरात दिसली, '१०० टक्के रॉयल्टी, ५०० प्रती', फॉर्म भरला आणि दहा मिनिटांत फोन. पुढचं सगळ्यांना माहीत आहे कसं असतं ते.

पॅकेज ४८,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून ८,७३०, आणि बिलावर जीएसटी नंबरच नाही. (नंबर मागा, जीएसटीच्या वेबसाइटवर फुकट तपासता येतो.) मग आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि कॉपीराइटचे ४,५००. आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो हो! दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतःसुद्धा करू शकतो. आणि कॉपीराइट तर लिहिल्याबरोबर आपलाच असतो, नोंदणी सक्तीची नाही, केलीच तर साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये. हे मला सगळं झाल्यावर कळलं.

आता ते, जे मला रात्री झोपू देत नाही. पहिले पैसे मी जीपेने पाठवले. नंबर टाकला आणि स्क्रीनवर नाव आलं ते कंपनीचं नव्हतं, कुठल्यातरी भलत्याच बाईचं. मी थांबले. खरंच थांबले, अंगठा स्क्रीनच्या वर तसाच धरून. कंपनीच्या त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, 'ताई, ते आमच्या अकाउंटंट मॅडमचं खातं, कंपनीच्या खात्याला लिमिट लागलंय.' पैसे *यायला* कसलं लिमिट? एवढ्या वर्षांत मी शेकडो लोकांना स्लिप परत दिली असेल, आधी खातेदाराचं नाव बघा म्हणून. आणि त्या दिवशी मला नाव दिसत होतं, कळत होतं, तरी मी पिन टाकला. का, तर दोन मिनिटं आधी तो म्हणाला होता, 'तुमच्या बाबांचं काम लोकांपर्यंत पोचलं पाहिजे.' बाबांबद्दल असं कोणी बोलून किती वर्षं झाली होती ते मलाच माहीत.

त्याने पुस्तक वाचलंही नव्हतं. नंतर एकदा म्हणाला, नायिका फार छान उभी केलीय. गिरणी कामगाराच्या वह्या आहेत, नायिका कुठून आली? मी स्वतःचीच समजूत घातली की आईबद्दल म्हणत असेल.

मार्केटिंगचे ३५,००० घेतले. त्यात काय, तर किंडलवर ई-बुक, जे आपण स्वतः फुकट टाकू शकतो, आणि 'बेस्टसेलर नंबर १' चा स्क्रीनशॉट. माझ्या भाच्याने बघितलं तर पुस्तक भलत्याच कॅटेगरीत टाकलेलं, जिथे मराठी पुस्तकं जवळजवळ नव्हतीच, तिथे पाच-सात प्रती गेल्या की थोडा वेळ नंबर वर येतो. शेवटी २१,००० 'फाइल चार्ज', ग्रंथालयांच्या शासनमान्य यादीत नाव घालतो म्हणून. ती निवड ग्रंथालय संचालनालय करतं, मध्ये असा चार्ज घेणारा दलाल नसतो. एकूण १,१७,७३०.

चार महिन्यांनी एक खोका आला. ४० प्रती. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधून युनिकोड करताना जोडाक्षरं फुटलेली, 'महाराष्ट्र' धड वाचता येत नाही, पहिल्याच पानावर बाबांच्या नावातला 'ष्ण' फुटलेला. मागचा आयएसबीएन सर्च केला तर तो कुठल्यातरी हिंदी गाइडचा. लोअर परळच्या एका प्रेसवाल्याने प्रत हातात घेऊनच सांगितलं, डिजिटल प्रिंट आहे, एक प्रत सव्वाशे-दीडशेत निघते. मी ४६० प्रती कुठे विचारलं तर कंपनीवाल्याने करारातली ओळ दाखवली, 'मागणीनुसार, कमाल ५००'. मी ती वाचली होती, पण ५०० म्हणजे ५०० असंच कोणीही समजेल ना! मग फोन बंद.

पोलीस चौकीत गेले तर म्हणाले हे सिव्हिल मॅटर, तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत. मी म्हटलं खोटा आयएसबीएन छापला तो पण राजीखुशीने का? तर म्हणे त्यांचं ऑफिस आमच्या हद्दीत नाही. त्या हद्दीत गेले तर तिथले म्हणाले पैसे तुमच्या घरून गेले, तिकडेच जा. जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) हद्द कुठलीही असो गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, झिरो एफआयआर, मी कलम १७३ ची प्रिंट काढून नेली, तर साहेब जेवायला गेलेत. दुसऱ्या दिवशी बंदोबस्त. तिसऱ्या दिवशी मला विचारतात, 'घरच्यांना सांगितलंय का?' जणू गुन्हा मी केलाय! सहा फेऱ्या झाल्या, हातात फक्त साध्या अर्जाची पोच. बँकेने सांगितलं व्यवहार तुम्हीच ऑथराइज केलाय. ज्या बाईच्या खात्यात पैसे गेले तिचं केवायसी त्या खात्याच्या बँकेकडेच आहे ना? कोणीतरी एकाने ते उघडून बघायचं, एवढंच काम आहे.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी चार महिन्यांनी फोन केला, ती चूक माझी. तुम्ही त्याच तासाला करा, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात.

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत करायची असते. वकिलाने सांगितलं व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, ते आपल्या बाजूचं आहे. मी रागात निम्मं उडवलं होतं.

मागच्या आठवड्यात आमच्या वाचनालयातल्या एका बाईंनी त्यांचा फोन दाखवला, त्यांना तसाच मेसेज आलाय, कंपनीचं नाव वेगळं, फोटो तोच, '१०० टक्के रॉयल्टी'. त्यांच्याकडून नंबर घेऊन तक्रारीला जोडलाय. कोणी अशाच परक्या नावाच्या खात्यावर पैसे भरले असतील तर मेसेज करा, पावत्या एकत्र लावू.