चौदा महिने, साडेएकोणीस हजार किलोमीटर आणि पाचवं चाक

तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, गाडी लावायची म्हणजे मोकळ्या वावरातच. जानेवारी 2025 ची गोष्ट. गाडी घेऊन दोनच महिने झाले होते. वावरातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटलेली नव्हती, कापलेली होती. पट बघून संध्याकाळी निघालो आणि वीस-तीस फुटांवर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. उतरून पाहिलं तर मागच्या डाव्या टायरच्या बगलेत पऱ्हाटीचा खुंट घुसलेला, अंगठा जाईल एवढा.

सोबत आमचा सालदार होता. त्यानं डिकी उघडली, चटई उचलली, सगळीकडे हात फिरवला.

"भाऊ, स्टेपनी कुठं आहे याची?"

"नाही."

"नाही म्हंजे? ठेवूनच नाही देली त्यायनं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी वर्षभर शोधतो आहे, म्हणून हे लिहितो. गाडी जर्मन आहे, 2021 चं मॉडेल, पेट्रोल, दोन लिटर टर्बो, पुण्यातल्या पहिल्या मालकाकडून साडेसत्तावीस लाखांना घेतलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या भागासाठी तिचा डीलर एकच आहे, नाव लिहिलं की माणसं ओळखू येतात आणि त्यातले काही लोक चांगले आहेत.

ज्यांना फक्त कोणती घ्यावी एवढंच हवं आहे त्यांच्यासाठी आधी तुलना उरकतो. मी घ्यायला निघालो तेव्हा समोर चार गाड्या होत्या. बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, मर्सिडीज सी-क्लास, ऑडी ए-फोर आणि व्होल्वो एस-सिक्स्टी. 2021 च्या जानेवारीत ए-फोर 42 लाख 34 हजारांपासून आली, एस-सिक्स्टी 45 लाख 90 हजारांना, लांब व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली) थ्री सिरीज ग्रॅन लिमोझिन 51 लाख 50 हजारांपासून. सी-क्लासची नवी पिढी मे 2022 मध्ये आली ती 55 लाखांपासून. सगळे शोरूमचे भाव. त्यावर महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के रोड टॅक्स, डिझेलला 15. म्हणजे पन्नास लाखांच्या पेट्रोल गाडीवर साडेसहा लाख नुसते टॅक्सचे. वैयक्तिक नावाचा हा दर आहे, माझ्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या, फर्मच्या नावावर घेतली तर आणखी चढतो. जुनी गाडी महाराष्ट्रातल्याच पासिंगची घेतली की हा टॅक्स पुन्हा लागत नाही, फक्त नाव बदलतं. माझ्या गाडीचा नंबर म्हणून अजून एमएच-12 आहे आणि गावात तिला पुण्याची गाडीच म्हणतात. दिल्लीची स्वस्त गाडी दाखवणारे दलाल हा हिशेब सांगत नाहीत.

चालवायला थ्री सिरीज सगळ्यात तिखट. तिच्या 330 मॉडेलचं इंजिन 258 अश्वशक्तीचं, ताकद मागच्या चाकांना. ए-फोर आणि एस-सिक्स्टी दोन्ही 190 च्या आणि पुढची चाकं ओढणाऱ्या. ए-फोर आतून शांत, बटणांचा आवाजसुद्धा मऊ. एस-सिक्स्टीच्या खुर्च्या चौघांत उत्तम, कंबरदुखी असलेल्यांनी एकदा बसून बघाव्यातच. सी-क्लासचं आतलं काम बघून बायकोनं दुसरं काही बघायला नकार दिला. ग्रॅन लिमोझिनचा व्हीलबेस साध्या थ्री सिरीजपेक्षा 110 मिलीमीटर लांब आहे, मागे पाय पसरून बसता येतं. पण आमच्याकडचे गतिरोधक गावकऱ्यांनी रात्रीतून मुरूम आणि डांबर टाकून केलेले असतात. दोन चाकांमधलं अंतर वाढलं की पोट टेकायची भीती वाढते. सगळे म्हणत होते फॉर्च्युनर घे. त्यांचं चुकलं नव्हतं. पण मला गाडी चालवायला आवडते, आणि धामणगावहून समृद्धीवर चढलं की समोर तीनशेच्या वर किलोमीटर मोकळा रस्ता असतो. मुलगी छत्रपती संभाजीनगरला शिकते, महिन्यातून दोनदा जाणं होतं. त्या रस्त्यावर उंच गाडी आणि ही गाडी यांची तुलना मी करणार नाही. 110 ला क्रूझ लावलं की पावणेसोळा मायलेज, गावात साडेनऊ. आईची तक्रार मात्र कायम आहे: "याच्यात बसा लागते का झोपा लागते?" तिचे गुडघे बघता ती बरोबर आहे. तिला दवाखान्यात न्यायचं असलं की मी जुनी बोलेरो काढतो.

आता टायर.

माझ्या गाडीला रन-फ्लॅट टायर आहेत. हवा गेली तरी टायरच्या जाड बगला गाडीचं वजन उचलून धरतात. मर्यादा अशी की ताशी 80 च्या आत, साधारण 80 किलोमीटर चालवा आणि वर्कशॉप गाठा. ज्यानं हे ठरवलं त्याच्या डोळ्यासमोर ऐंशी किलोमीटरच्या आत वर्कशॉप असलेला देश होता. तळेगावहून ऐंशी किलोमीटरात धामणगाव येतं, पुलगाव येतं, वर्धा येतं. नागपूर येत नाही. आपल्याकडे जुलै 2020 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले. टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट दिलं तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी सक्तीची नाही. यंत्रणा माझ्या गाडीत आहे, ती हवा गेल्याचं अचूक सांगते. सांगितल्यावर पुढे काय करायचं, ते सांगणारं कोणी नव्हतं.

चाळीसच्या वेगानं धामणगावपर्यंत आलो. पंक्चरवाल्यानं टॉर्च मारून सांगितलं, "साइड कट आहे भाऊ, याले पंक्चर लागत नाही." हे खरंच आहे. बगल फाटली तर कुठल्याच कंपनीच्या टायरची खात्रीची दुरुस्ती होत नाही, साधा टायर असता तरी फेकावाच लागला असता. पण साध्या गाडीत मी पाचवं चाक लावून रात्री नऊला घरी जेवत असतो.

दुसऱ्या दिवशी अमरावतीत आणि वर्ध्यात फोन केले. 225/45 आर 18, रन-फ्लॅट. हे माप साध्या टायरमध्ये मिळत होतं, रन-फ्लॅटमध्ये नाही. एकाच गाडीवर साधे आणि रन-फ्लॅट मिसळू नयेत म्हणतात, म्हणून मी थांबलो. डीलरनं सांगितलं, गाडी नागपूरला पाठवा. रोडसाइड असिस्टन्समध्ये ठरावीक किलोमीटरपर्यंतच ओढणं फुकट होतं, त्यापुढचे 7,800 रुपये मी दिले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सर, एका अ‍ॅक्सलचे दोन्ही टायर बदलावे लागतील, पॉलिसी आहे." दुसऱ्या टायरची नक्षी जेमतेम दोन मिलीमीटर झिजली होती. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असती तर मी मान्य केलं असतं, तिथे चाकांच्या व्यासातला फरक गिअरच्या यंत्रणेवर येतो. माझी गाडी दोनच चाकं चालवणारी आहे. पाऊण तास वाद झाला. लेखी द्या म्हटलं तर लेखी कोणी देईना, आणि एक टायर बसवायला तयार कोणी होईना. बिल अलाइनमेंटसह 62,400 रुपये. गाडी पाच दिवस तिथे.

मग मी विचारलं, माझा चांगला टायर कुठे आहे? तर म्हणे स्क्रॅपमध्ये गेला. तिथे माझा आवाज चढला, हे मी मान्य करतो. सरकीच्या पोत्यामागे दोन रुपयांचा हिशेब करणाऱ्या माणसाचा तीस हजारांचा टायर कोणी परस्पर स्क्रॅपमध्ये टाकतो, हे मला आजही सहन होत नाही. तासाभरानं टायर सापडला. वर्कशॉपच्या मागे भिंतीला उभा होता, त्यावर खडूनं कोणाचं तरी नाव लिहिलेलं होतं. तो मी मागच्या सीटवर टाकून गावी आणला.

त्याच टायरपासून पुढची गोष्ट सुरू झाली. टायर आहे, रिम नाही. ओळखीच्या गॅरेजवाल्यानं स्कोडाची 18 ची रिम दिली. दोन्हींना पाच बोल्ट, दोन्हींचं माप 5 बाय 112, म्हणून बसेल असं वाटलं. बसली नाही. बोल्टचं वर्तुळ जुळतं, पण मधलं भोक स्कोडाचं 57.1 मिलीमीटर आणि माझ्या गाडीचा हब (ज्या मधल्या गोलावर चाक बसतं तो) साडेसहासष्टच्या आसपास. रिम हबवर चढतच नाही. ही चूक तुम्ही करू नका, रिम घेताना तीन मापं विचारा: बोल्टचं वर्तुळ, मधलं भोक आणि ऑफसेट, म्हणजे रिम हबवर किती आत किंवा बाहेर बसते ते. तिसऱ्या खेपेला नागपुरात जुन्या मालात नेमकी माझ्याच मॉडेलची एक रिम मिळाली, काठाला ओरखडे, पण वाकलेली नव्हती. 9,000 म्हणाला, 7,500 ला दिली. बॅलन्सिंग करून टायर चढवला. गाडीची चारही चाकं एकाच मापाची आहेत म्हणून हे जमलं. काही स्पोर्ट्स व्हेरियंटमध्ये मागचे टायर रुंद आणि पुढचे अरुंद असतात, तिथे एक स्टेपनी चारही ठिकाणी चालत नाही.

मग जॅक. गाडीत जॅक नव्हता, पानाही नव्हता. शिवाय एका चाकाला एक बोल्ट चोरी टाळणारा असतो, त्याला वेगळी चावी लागते. ती पुण्याच्या मालकाकडून मागवून घेतली. जर्मन गाड्यांत हबला स्टड (चाक अडकवायचे आट्यांचे खुंट) नसतात, चाक हातानं उचलून भोकं जुळवून बोल्ट लावावा लागतो. वीस किलोचं चाक अंधारात असं जुळवणं कठीण आहे. गावातल्या लेथवाल्यानं त्याच आट्याच्या एका बोल्टचं डोकं कापून मला गाइड पिन करून दिली. पिन हबमध्ये फिरवायची, चाक तिच्यावर लटकवायचं, चार बोल्ट लावायचे, पिन काढून पाचवा. पन्नास रुपयांचं काम, आणि या गाडीत मी केलेला सगळ्यात चांगला खर्च तोच. स्टेपनी आता डिकीत पट्ट्यानं बांधून आडवी ठेवली आहे. निम्मी डिकी गेली. मला काही वाटत नाही. शहरातली माणसं डिकीत वर ठेवलेल्या स्टेपनीवर नाराज असतात, गोल्फची बॅग बसत नाही म्हणतात. आमच्याकडे उलट बघा: जुनी गाडी घ्यायला गेलात तर इंजिनाआधी डिकी उघडा. एकाच मॉडेलच्या एका साली चाक दिलेलं असतं आणि दुसऱ्या साली नसतं.

इथपर्यंत मी मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं आणि डीलरबद्दल बरंच कडक लिहिलं होतं. त्यातलं काही मला आता बदलावं लागतंय.

ऑगस्टमध्ये इंजिनचा दिवा लागला, गाडी ताकद घेईना. पुन्हा तोच डीलर, तेच काउंटर. फोन आला की उंदरानं वायरिंग कुरतडलं आहे, पूर्ण हार्नेस, म्हणजे तारांचा सगळा जुडगा, बदलावा लागेल, 1 लाख 40 हजार. जिनिंगच्या आवारात सरकी असते, तिथे उंदीर असणारच. मी दुसऱ्या दिवशी बसनं नागपूरला गेलो आणि काउंटरला न विचारता सरळ आत वर्कशॉपमध्ये गेलो. तिथला मेकॅनिक आर्वीकडचा निघाला. त्यानं बोनेट उघडून दाखवलं: दोनच तारा तुटल्या होत्या, एका सेन्सरच्या. म्हणाला, "काका, हार्नेस कायले बदलता? मी जोडून देतो, पण साहेबाले तुम्हीच म्हणा." मी म्हटलं. त्यानं तारा सोल्डर करून, वर श्रिंक स्लीव्ह घालून जाळीच्या नळीत टाकल्या. बिल 2,800. पाच महिने झाले, दिवा परत लागलेला नाही.

तेव्हापासून माझं मत असं आहे की डीलरमध्ये दोन दुकानं असतात, काउंटरचं आणि वर्कशॉपचं. कौशल्य आत आहे. ते आमच्या भागात दुसरीकडे कुठे नाही हेही खरं. गाडी आतल्या माणसाच्या हातात पडेपर्यंतच सगळी झुंज आहे. मुख्यालयाला केलेल्या ईमेलवर टायरच्या लेबर चार्जचे 3,100 रुपये परत आले. टायरच्या पॉलिसीचा कागद मात्र मला आजवर मिळालेला नाही.

हे लिहायच्या आधी बाकीच्या कंपन्यांच्या डीलरांनाही मी फोन केले, एकच प्रश्न विचारला: धामणगावच्या पुढे पांदण रस्त्यावर गाडी उभी राहिली तर किती तासांत याल? एकानं चार तास सांगितलं आणि ट्रकवाल्याचा नंबरही दिला. एकानं टोल-फ्री नंबर सांगून फोन ठेवला. तिसरा म्हणाला, "सर, अशा रस्त्यावर गाडी नेऊच नका." पंचेचाळीस लाखांची गाडी विकताना वावर, घर आणि जिनिंग याच रस्त्यावर आहे हे त्यांना आधी विचारता येत नाही का?

पैशांबद्दल आणखी एक. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा दोन लिटरच्या सेडानवर 28 टक्के जीएसटी आणि 20 टक्के सेस मिळून लागणारे 48 टक्के जाऊन सरळ 40 झाले. नवीन घेणाऱ्यांचं भलं झालं. माझ्यासारख्या दहा महिने आधी जुनी घेतलेल्यांच्या गाडीचा भाव त्याच आठवड्यात खाली आला. पुण्यातला दलाल आता 23 लाखांच्या वर बोलत नाही. सरकारवर राग नाही, पण जुनी गाडी आज घेणाऱ्यांनी हा फरक धरूनच सौदा करावा.

रन-फ्लॅट पुढच्या वेळी साध्या टायरमध्ये बदलणार आहे. 18 ऐवजी 17 ची रिम ब्रेकवरून बसते का ते आधी बघेन. 225/50 आर 17 चा व्यास जवळपास तेवढाच राहतो आणि बगल 11 मिलीमीटर उंच होते. आमच्या उखडलेल्या गिट्टीवर ते 11 मिलीमीटर कंबरेला कळतात. उन्हाळ्यात समृद्धीच्या सिमेंटवर सकाळी 33 पीएसआय असलेली टायरमधली हवा सिंदखेड राजापर्यंत 38 दाखवते, म्हणून हवा नेहमी थंड टायरमध्ये, पेट्रोल पंपावर पोचायच्या आधी घरच्या काट्यानं बघतो.

डिसेंबरमध्ये मंगरूळ दस्तगीरकडून कापूस बघून येताना पुढच्या उजव्या टायरनं परत दिवा लावला. या वेळी बाभळीचा काटा नव्हता, खुंटही नव्हता, नांगराच्या फाळाचा तुटलेला तुकडा होता. सालदारानं न सांगता डिकी उघडली. मी पिन फिरवली, त्यानं चाक लटकवलं. बावीस मिनिटं लागली, आणि मार्केट यार्डात सौदे सुरू व्हायच्या आत आम्ही पोचलो.