मराठी शाळेतल्या नोकरीसाठी मी २,२१,७०० रुपये घालवले

आकडा आधीच सांगते. २,२१,७०० रुपये. त्यातले १,२०,००० माझ्या तीन तोळ्यांच्या पाटल्या गहाण ठेवून आणलेले. त्या पाटल्या आईने लग्नात घातल्या होत्या आणि त्या गेल्याचं तिला अजून माहीत नाही. हे लिहू नको असं घरात सगळ्यांनी सांगितलं. तरी लिहितेय, कारण तो माणूस अजून मोकळा फिरतोय आणि आता पुन्हा शाळा सुरू व्हायचे दिवस आलेत.

मी गडहिंग्लजची. डी.एड. झालेली, महाराष्ट्राची टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास, तिकडे खासगी शाळेत सहा वर्षं शिकवलेलं. आमच्या ह्यांना उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम लागलं आणि एप्रिल २०२४ मध्ये आम्ही बेळगावला राहायला आलो. अंतर म्हणाल तर दोन तासांचंसुद्धा नाही. पण राज्य बदललं की सगळं बदलतं, हे आल्यावर कळलं. कर्नाटकात तिथला पत्ता असलेल्या बायकांना सरकारी बस फुकट; माझ्या आधारवर गडहिंग्लजचा पत्ता, म्हणून बसमध्ये शेजारची बाई फुकट प्रवास करायची आणि मी तिकीट काढायची. तिकडे शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, इथे मे अखेरीसच. म्हणजे नोकरी शोधायला माझ्या हातात महिनासुद्धा नव्हता. त्यात कन्नड एक अक्षर येत नव्हतं. ही घाई आणि हे न येणं, दोन्ही त्याने पहिल्या भेटीतच ओळखलं.

तो आला पाहुण्यांच्या ओळखीतून. सासरच्या गावाकडचा, बोलायला मऊ, कपाळाला गंध. पूर्वी शिक्षण खात्यात समूह पातळीवर, म्हणजे काही शाळांच्या गटासाठी, काम केलंय म्हणाला. आमच्याकडे चहा घेतला, आत्याबाईंच्या पाया पडला. मग म्हणाला, "वहिनी, सीमाभागात मराठी शाळांना मास्तर मिळत नाहीत म्हणून वर्ग बंद पडायला लागलेत. आपल्या माणसांनी जागा धरल्या नाहीत तर पुढच्या पोरांनी कुठं जायचं?" माझे सासरे सीमालढ्याच्या मोर्चात काठ्या खाल्लेले. त्यांचे डोळे भरून आले. आमचं सगळं घर तिथंच गेलं. पैशाची चोरी एकवेळ समजते. माणसाच्या जिव्हाळ्याच्या दुःखावर बोट ठेवून खिशात हात घालणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

त्याचा बेत असा: आधी निपाणी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत अतिथी शिक्षिका म्हणून लावायचं, मग दोन वर्षांत 'आतून' कायम. निपाणी बेळगावपासून लांब, पण माझ्या माहेरापासून जवळ, म्हणून तेही पटलं. ७ मे रोजी फाईल उघडायला ५,००० घेतले. १३ मे रोजी महाराष्ट्राची टीईटी कर्नाटकात 'बदलून घ्यायला' १८,५००. असं काही बदलून मिळत नाही. इथल्या सरकारी शाळेत कायम शिक्षक व्हायचं तर कर्नाटकाची टीईटी वेगळी द्यावी लागते, १५० पैकी ९० गुण लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. त्या वर्षी ती परीक्षा ३० जूनला झाली. मी फॉर्म भरू का असं त्याला विचारलं होतं. "कशाला वेळ घालवता," म्हणाला. मी नाही भरला. नवीन राहायला आलेल्या प्रत्येकीला सांगते, जो माणूस तुम्हाला परीक्षेला बसू नका म्हणतो, त्याला त्याच दिवशी घराबाहेर काढा.

मध्येच तो घटनेचं कलम ३७१ (जे) म्हणायचा, मध्येच महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीचा दाखला काढू म्हणायचा. ३७१ (जे) ची सवलत कल्याण कर्नाटकाला, म्हणजे बिदर, कलबुर्गी तिकडच्या जिल्ह्यांना आहे. बेळगाव त्यात येत नाही. आणि ८६५ गावांची सवलत महाराष्ट्र सरकारची, महाराष्ट्रातल्या नोकऱ्यांसाठी. हे आज मला तोंडपाठ आहे. तेव्हा एवढे आकडे सांगतो म्हणजे माणूस माहितगार असणार, असं वाटलं.

आता तो दिवस. १० जून, सोमवार. तो मला एका शिक्षण कचेरीत घेऊन गेला. पर्समध्ये १,२०,००० रोख. व्हरांड्यात बाकावर बसवलं आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत, तुम्ही आत आलात तर प्रश्न विचारतील" असं सांगून एकटाच फाईल घेऊन आत गेला. येऊन पैसे घेतले, पुन्हा आत गेला, पुन्हा आला. तेवढ्यात शिपाई जवळ आला आणि त्याने मला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हा पुढे झाला आणि हसून म्हणाला, "सुम्मन बंदेवरी." शिपाई निघून गेला. मी विचारलं, काय म्हणाला? तर म्हणे, "साहेबांकडे काम आहे असं सांगितलं."

त्यानंतर तीन महिन्यांनी शेजारच्या मुलीकडून मी कन्नड शिकायला लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी ती सहज म्हणाली, सुम्मन म्हणजे उगीच. माझ्या अंगाला घाम फुटला. सुम्मन बंदेवरी. उगीच आलोय, काही काम नाही. माझ्यासमोर, माझ्या पाटल्यांचे पैसे खिशात घालून, सरकारी माणसाला तो सांगत होता की आमचं इथं काही काम नाही. आत तो कुणाला भेटलाच नव्हता. एका खोलीतून शिरून दुसऱ्या दाराने फिरून आला असेल. मी उठून फक्त त्या शिपायाला मराठीत विचारायला हवं होतं. बेळगावातल्या कचेरीत मराठी कळणारं माणूस निघतंच. उठले नाही, कारण लाज वाटत होती की मी पैसे देऊन नोकरी घेतेय आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये. त्याला नेमकी तीच लाज हवी होती.

लोक म्हणतात, शिकलेली बाई तू, पैसे द्यायला तयारच कशी झालीस? त्यांना एवढंच विचारते: महाराष्ट्रात टीईटीच्या गैरप्रकारात डिसेंबर २०२१ मध्ये परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली की नाही? कर्नाटकात ५४५ फौजदारांच्या भरतीचा निकाल २०२२ मध्ये रद्द करावा लागला की नाही? पैशाशिवाय काम होत नाही हे मी घरात बसून शोधून काढलेलं नाही, आजूबाजूला पाहिलंय. चूक माझी आहेच, ती नाकारत नाही. पण ती एकटीची नाही.

जुलैमध्ये नेमणुकीच्या ऑर्डरचे ७५,००० आणि मेडिकलचे ३,२०० दिले. ७५,००० भावाकडून उसने. २९ जुलैला ऑर्डर हातात आली. कन्नडमध्ये टाईप केलेली, दोन गोल शिक्के, हिरव्या शाईची सही. आत्याबाईंनी देवापुढे ठेवली. मी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापक वयस्कर, सज्जन. कागद हातात घेऊन अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल. म्हणाले, "बाई, बसा आधी. पाणी घ्या." मग सांगितलं की निपाणी तालुका चिकोडी शैक्षणिक जिल्ह्यात येतो. बेळगाव जिल्हा एकच असला तरी शिक्षण खात्यात त्याचे दोन जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिकोडी, आणि या कागदावर शिक्का बेळगावचा. शिवाय अतिथी शिक्षकाला उपसंचालकांच्या सहीची अशी ऑर्डर येतच नाही. रिकाम्या जागा मंजूर झाल्या की तालुक्याचं क्षेत्र शिक्षणाधिकारी कार्यालय शाळांना कळवतं आणि मुख्याध्यापक एसडीएमसीला, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीला, धरून गुणांप्रमाणे माणूस घेतात. त्याला एक रुपया लागत नाही. जागा त्या शैक्षणिक वर्षापुरती असते. मानधन तेव्हा प्राथमिकला महिना १०,००० होतं. दहा महिन्यांचे फार तर एक लाख, आणि मी मोजले होते सव्वादोन. ते पुढे जे म्हणाले ते ऐकून मला रडू आलं: "जूनमध्ये सरळ आमच्याकडे आला असतात तर अर्ज घेतला असता की. आम्हाला मराठीला माणूस हवंच होतं."

म्हणून, शाळेत जा. सरळ शाळेत. मधला माणूस कितीही आपला असला, मराठी बोलला, पाया पडला तरी आधी मुख्याध्यापकांना भेटा.

आता तक्रारीचं सांगते. पहिल्या पोलीस ठाण्यात दोन तास बसवून सांगितलं, पैसे ज्या खात्यात गेलेत ते खातं कोल्हापूर जिल्ह्यातलं, तिकडे जा. कोगनोळी नाका ओलांडून तिकडे गेले. तिथे म्हणाले, माणूस कर्नाटकातला, प्रकार कर्नाटकात घडला, इथं काय करायचं? पुन्हा इकडे. आता म्हणे, अर्ज मराठीत चालणार नाही, "कन्नडदाग बरकोंड बर्री", म्हणजे कन्नडमध्ये लिहून आणा. कोर्टाजवळ टाईप करून घेतला, ३५० रुपये. तो घेऊन गेले तर साहेब बंदोबस्ताला. पुढच्या वेळी साहेब होते. त्यांनी अर्ज वाचला, वर बघितलं आणि म्हणाले, "लाच देणंसुद्धा गुन्हा आहे, माहीत आहे का? २०१८ पासून कायदा बदललाय. आधी तुमच्यावरच केस होईल." ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही अर्ज घेऊन परत आलो. दहा दिवस मला जेवण गेलं नाही.

नंतर एका वकिलांनी समजावलं की तो कुठलाही सरकारी नोकर नव्हता, बनावट शिक्के मारून त्याने फसवलंय, ही सरळ फसवणूक आहे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते, हद्दीचं कारण चालत नाही. म्हणजे दोन राज्यांच्या पोलिसांनी मला चेंडूसारखं टोलवलं ते नियम सोडून. कायदा त्यांना माहीत नव्हता की मी सीमेवरची, कुणाच्याच हिशेबात नसलेली बाई म्हणून टाळलं? मतं मागायला दोन्हीकडचे येतात. सीमाप्रश्नावर दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांत ठराव होतात. आणि एका बाईची तक्रार लिहून घ्यायला दोन्हीकडे कागद नाही.

शिक्षण कचेरीतही गेले. खोटे शिक्के तुमच्या खात्याचे आहेत, तुम्ही तरी तक्रार करा म्हटलं. "आमचा संबंध नाही" असं सांगून झेरॉक्ससुद्धा ठेवून घेतली नाही. ज्या व्हरांड्यात मी फसले तिथं आजही भिंतीवर एक ओळ नाही की अतिथी शिक्षकाच्या जागेला पैसे लागत नाहीत. कन्नडमध्ये नाही, मराठीत नाही.

ऑनलाइन पाठवलेले माझे १,०१,७००. पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा असतो, खात्यातली रक्कम गोठवता येते. मी फोन केला तो सप्टेंबरात, तेव्हा खात्यात काही उरलं नव्हतं. रोख १,२०,००० ची तर पावतीच नाही. कुणी रक्कम रोखच हवी म्हणालं तर तिथंच थांबा. आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या हातात देऊ नका. माझं डी.एड.चं मूळ प्रमाणपत्र 'पडताळणीला' म्हणून घेतलं ते अजून त्याच्याकडेच आहे. दुय्यम प्रत काढायची तर ते हरवल्याचा पोलिसांचा दाखला मागतात. ते हरवलेलं नाही, त्याने नेलंय, आणि तसं लिहून द्यायला पोलीस तयार नाहीत. त्यामुळे या जूनमध्येही मला कुठे अर्ज करता येईल की नाही, ठाऊक नाही.

कन्नड कागद हातात आला तर सही करण्याआधी वाचता येणाऱ्याकडून शब्द न् शब्द वाचून घ्या. सातवी-आठवीतलं पोरसुद्धा चालेल. मी देवापुढे ठेवलेला कागद असा वाचून घेतला असता तर वरचा 'बेळगावी' हा शब्द तरी कानावर पडला असता.

त्याला फोन लावला की बंद लागतो. गावात चौकशी केली तर आणखी दोन बायका निघाल्या, एक खानापूर तालुक्यातली, एक चिकोडीकडची. एकीचे ८५,००० गेलेत. दुसरी आकडा सांगायला तयार नाही, नवऱ्याला माहीत नाही म्हणते. तिची अडचण मला समजते. पण एकटीच्या अर्जाला पोलीस टोलवतात, तिघी-चौघी एकत्र गेलो तर ऐकावं लागेल. तुमच्याकडे निपाणी तालुक्यातल्या शाळेची आणि बेळगावच्या शिक्क्याची, हिरव्या शाईने सही केलेली ऑर्डर असेल, तर ती फाडू नका, जाळू नका. पैसे पाठवल्याचे मेसेज पुसू नका. मला कळवा. वकील एकच ठेवू, फी वाटून घेऊ. तुमच्या घरी कुणाला कळणार नाही याची काळजी मी घेईन. माझ्या घरी सगळ्यांना कळलंय. आईला तेवढं सांगायचं राहिलंय.