सगळ्या क्रँकबेटसाठी एकच रॉड: नऊ महिने वापरल्यावर

माझ्याकडे बोट नाही, होंडाची जुनी स्कूटर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मासे धरायचा रॉड कुठला घ्यावा याचा निम्मा निकाल तिथेच लागला.

क्रँकबेट (किंवा नुसतं क्रँक) म्हणजे पुढे ओठासारखी पट्टी असलेला नकली मासा, ओढला की पट्टीमुळे डुलत खाली जाणारा. त्यावरचं बहुतेक सगळं ज्ञान अमेरिकेतून येतं, बास माशाच्या नादातून. तिकडे माणूस बोटीवर पाच-सहा रॉड मांडून बसतो. उथळ क्रँकला एक, खोल जाणाऱ्याला दुसरा, बिनओठाच्या, आत गोळ्या वाजणाऱ्या खुळखुळ्याला तिसरा. मी कोथरूडच्या दोन खोल्यांत राहतो आणि रविवारी पहाटे पाठीला पाइप बांधून निघतो. त्या पाइपात एकच रॉड मावतो. आपल्या पाण्यात बासही नाही. मी जातो मरळीसाठी भीमेवर आणि वर्षातून दोन-चारदा ताम्हिणी उतरून रायगडातल्या एका खाडीवर, जिताड्यासाठी. (खाडीचं नाव विचारू नये, मी सांगणार नाही.)

दिवाळीनंतर घेतला तो रॉड असा: 7 फुटी, दोन तुकड्यांचा, बेटकास्टर रीलसाठी (लाइन गुंडाळायची, रॉडच्या वर बसणारी चकरी), मीडियम-हेवी पॉवर, मॉडरेट ॲक्शन, ल्यूरचं (नकली आमिषाचं) वजन पाव ते पाऊण औंस, म्हणजे 7 ते 21 ग्रॅम. ब्लँक, म्हणजे रॉडची मूळ काठी, निव्वळ ग्राफाइटची (कार्बन तंतूंची) नाही, त्यात ग्लास, म्हणजे काचतंतू, मिसळलेले आहेत. 5,600 रुपये पडले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच मापाचे रॉड अनेक कंपन्यांचे मिळतात, आणि मला बोलायचंय ते मापाबद्दल.

पॉवर आणि ॲक्शन यांची गल्लत दुकानदारही करतात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते. फास्ट ॲक्शनचा रॉड शेंड्याकडे वाकतो आणि खाली काठीसारखा ताठ राहतो. मॉडरेटचा वाक अर्ध्यापर्यंत उतरतो. माझा आधीचा रॉड फास्ट होता, निव्वळ ग्राफाइटचा. त्याच्यावर मागच्या मोसमात लागलेल्या सात माशांपैकी चार अगदी पायाशी येऊन सुटले. एक जिताडा तर हाताच्या अंतरावर. पाण्यावर आला, डोकं हलवलं आणि गेला. ल्यूर माझ्या दिशेने उडत आला आणि टोपीत अडकला.

असं का होतं ते कळायला मला उशीर लागला. क्रँकला दोन ट्रेबल (तीन टोकांचे) हुक असतात, आणि ते बारीक तारेचे असतात. बेडकाच्या ल्यूरला असतो तसा जाड हुक हाडात रुतून बसतो, तसे हे बसत नाहीत. एखादं टोक कातडीत अडकतं आणि तेवढ्यावर मासा असतो. त्याने हिसका दिला आणि रॉड ताठ असला, की भोक मोठं होतं आणि हुक निसटतो. मऊ रॉड तो हिसका पोटात घेतो. शिवाय जिताडा बाससारखाच तोंड उघडून पाण्यासकट ल्यूर आत ओढतो. ताठ रॉडवर आपल्याला झटका लगेच कळतो, आपण लगेच ओढतो, आणि ल्यूर पुरता आत जायच्या आधीच बाहेर येतो. मऊ रॉडला कळायला क्षणभर उशीर होतो. त्या उशिरासाठीच मी पैसे मोजले. तिकडे अमेरिकेत 1970च्या दशकात ग्राफाइट आल्यावर सगळे हलक्या आणि चटपटीत रॉडकडे वळले, तरी क्रँकपुरती बरीच मंडळी अजून ग्लासच वापरतात, ती यासाठीच.

रॉड घरी आला त्या संध्याकाळी दोन्ही रॉड घेऊन गच्चीवर गेलो. लाइनीच्या टोकाला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधली आणि सावकाश उचलली. जुन्याचा वरचा दीड-दोन फूट भाग गळाच्या आकड्यासारखा वळला, खालचा तसाच सरळ. नव्याचा वाक शेंड्यापासून सुरू होऊन पार मध्यापर्यंत आला, इंद्रधनुष्यासारखा एकसारखा. बाटली टाकीच्या कठड्यावरून सुटून हिसका बसला तेव्हा जुन्याच्या मुठीत ठक्कन लागलं. नव्याच्या मुठीत नुसतं हेलकावल्यासारखं झालं. ही परीक्षा दुकानातसुद्धा करता येते, बाटली घेऊन जा. वॉचमन काका खालून ओरडले, "टाकीत मासे आहेत का ओ?"

आता एकेक क्रँक.

चौकोनी ओठाचा उथळ क्रँक, 10 ते 14 ग्रॅमचा, मीटर-दीड मीटर खाली जाणारा: इथे या रॉडला तोड नाही. उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तेव्हा पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, हे पुणे-सोलापूर रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. तशीच बुडालेल्या घरांची जोती, विहिरींचे कठडे, दगडी बांध बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली फूट-दोन फुटांवर येतात. चौकोनी ओठ दगडावर आपटला की क्रँक अडकण्याऐवजी बाजूला उडतो, आणि मासा बहुतेकदा त्याच क्षणी घेतो. ताठ रॉडने मी तिथे दर फेरीला एखादा ल्यूर अर्पण करायचो. दगड लागला की हात आपोआप ओढायचा आणि हुक फटीत घट्ट बसायचा. मऊ रॉडवर आपटल्याचं बोटांना कळतं पण ओढ ल्यूरपर्यंत उशिरा पोचते. तेवढ्यात थांबलं, लाइन सैल सोडली, की क्रँक तरंगत आपोआप वर येतो. तिथल्या एका भोई काकांना, ज्यांच्या परवानगीने मी काठावर बसतो, माझा रॉड बघून काळजी वाटली. "दादा, एवढं वाकतंय, मोडंल की ओ!" मी म्हटलं, वाकतंय म्हणूनच मोडत नाही. त्यांना काही ते पटलं नाही. त्यांचं जाळं बघता पटायचं कारणही नव्हतं.

तरी अडकलाच, तर गॅरेजमधून जुना स्पार्क प्लग आणून ठेवा. त्याला क्लिप लावून लाइनीवरून खाली सोडायचा. तो घसरत जाऊन ल्यूरच्या नाकावर आदळतो आणि हुक सुटतो. माझे तीन क्रँक असे परत आलेत.

मधला क्रँक, अडीच-तीन मीटर जाणारा, 14 ग्रॅमच्या आसपास: हाही छान. रॉडचा मध्य नेमका इथे आहे. फेक लांब जाते, कारण मऊ रॉड मागे नेताना ल्यूरच्या वजनाने भरतो आणि पुढे येताना ते परत देतो. फक्त फेकायची लय बदलावी लागली. मनगटाने चापट मारल्यासारखं फेकलं की ल्यूर डावीकडे जायचा आणि रीलमध्ये गुंतवळ. दोन्ही हातांनी, सावकाश, जातं फिरवल्यासारखं फेकलं की सरळ. पहिले दोन रविवार गुंतवळ सोडवण्यातच गेले.

बिनओठाचा खुळखुळा: बरा, पण वेलींत त्रास होतो. हा बुडणारा ल्यूर, पाणवनस्पतींच्या शेंड्यांवरून ओढायचा. अडकला की मनगटाच्या एका झटक्याने फाडून सुटला पाहिजे, आणि मासा तेव्हाच घेतो. मऊ रॉड तो झटका गिळून टाकतो. दोन-तीनदा ओढावं लागतं, तोवर ल्यूरला हिरव्या दाढ्या आलेल्या असतात. इथे जुना रॉड उजवा होता, हे मान्य करतो. आणि जलपर्णीत तर ट्रेबल हुक न्यायचाच नाही. तिथे बेडकाचा ल्यूर आणि जाड रॉड, हा रॉड घरी.

खोल जाणारा, मोठ्या ओठाचा क्रँक, 20 ग्रॅमच्या वर: नाही जमत. लेबलवर पाऊण औंस लिहिलंय म्हणून मी मुळशीच्या काठावर एक टाकून बघितला. तो फेकता येतो. पण ओढताना त्या रुंद ओठाला पाण्याचा एवढा विरोध होतो की रॉड आधीच अर्धा वाकलेला असतो. मग मासा लागल्यावर वाकायला उरतं काय? वर 6.3:1 चं रील (हँडलच्या एका फेरीला चकरी 6.3 वेळा फिरते), म्हणजे प्रत्येक फेरीला साधारण 65-70 सेंटिमीटर लाइन येणार. वीस मिनिटांत मनगट भरून आलं. खोल क्रँकला 5:1 च्या आसपासचं हळू रील आणि यापेक्षा जाड रॉड लागतो. पण काठावरून मासे धरणाऱ्याने याचं दुःख करू नये. आपण खोलाकडून उथळाकडे ओढतो, त्यामुळे असा क्रँक शेवटच्या दहा मीटरमध्ये चिखल नांगरतच येतो. त्याचा खरा उपयोग बोटीवरून.

सगळ्यात लहान, 5 ग्रॅमचे: विसरा. रॉड भरतच नाही. माझ्या एका मित्राने पांगाऱ्याच्या लाकडातून क्रँक कोरलाय, टेनेसीच्या फ्रेड यंगने बाल्साच्या लाकडातून ‘बिग ओ’ कोरला होता त्या धर्तीवर. पाण्यात काय सुंदर डुलतो! पण वजन 6 ग्रॅम, आणि समोरून वारा असला की माझ्याच पायाशी पडतो. त्याला हलक्या ल्यूरचा स्पिनिंग रॉडच हवा.

आता एक कबुली. फेब्रुवारीत नवा रॉड दुरुस्तीत होता (कारण पुढे), तेव्हा जुन्यावरची ब्रेड (विणलेली लाइन) काढून 12 पौंडी नायलॉन भरून गेलो. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही, नायलॉन ताणतं. त्या दोन फेऱ्यांत एकही मासा पायाशी सुटला नाही. म्हणजे ताठ रॉड आणि न ताणणारी लाइन, दोन्ही एकत्र आल्यामुळे मी मासे घालवत होतो, आणि काही शे रुपयांच्या नायलॉनने निम्मं काम झालं असतं. नायलॉनचे तोटे आहेत. ते जाड असतं, त्यामुळे क्रँक कमी खोल जातो, आणि लांब फेकीवर लागलेल्या माशाला हुक नीट बसत नाही. तरी ज्याच्याकडे फास्ट रॉड आधीच आहे त्याने पहिल्यांदा लाइन बदलून बघावी. नव्या रॉडवर मी ब्रेड आणि पुढे हातभर फ्लोरोकार्बनची लाइन वापरतो. मऊपणा रॉडमध्ये असल्यामुळे लाइन कडक चालते.

मरळीबाबत मात्र सावध राहा. तिचा जबडा हाडाचा, जिताड्यासारखं हलकं हिसडून चालत नाही. या रॉडने मरळ लागली की रॉड वर उचलायचा नाही, तर कमरेतून वळत बाजूला लांब ओढायचा. हे जमेपर्यंत माझ्या दोन मरळी गेल्या, त्यातली एक मोठी होती. सुटलेली म्हणून मोठी म्हणत नाहीये, दिसली होती.

कुरकुरी. ग्लासमुळे रॉड जड आहे. दुपारपर्यंत खांदा बोलायला लागतो. तळाला शेवाळ आहे की वाळू, हे जुना रॉड बोटांना सांगायचा, हा सांगत नाही. मूठ फोमची आहे, घामाने आणि खाडीच्या पाण्याने बुळबुळीत होते. कॉर्क बरा असता. हुक अडकवायला मुठीपाशी छोटी कडी असते ती दिलेलीच नाही, म्हणून मी आळसाने हुक गाइडमध्ये (रॉडवरच्या, लाइन जाते त्या कडीत) अडकवायचो. जानेवारीत स्कूटरच्या धक्क्यांनी एका गाइडमधली सिरॅमिकची रिंग निखळली. चूक माझीच, पण पैसे वाचवून कंपनीने काय मिळवलं? रिंग नसलेल्या गाइडवरून ब्रेड ओढली की ती करवतीसारखी कापली जाते, त्यामुळे गाइड बदलण्यात तीन आठवडे गेले. खाडीवरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायला एकदा विसरलो, तर गाइडच्या पायांशी तांबेरा दिसू लागला. दोन तुकड्यांचा जोड मार्चमध्ये सैल पडून फेकताना फिरायला लागला. त्यावर मेणबत्ती घासली, तेव्हापासून घट्ट आहे.

दोन तुकड्यांना नाक मुरडणारे खूप आहेत. अखंड रॉडचा वाक जास्त सलग असतो, हे खरंच. पण प्रत्येक तुकडा साडेतीन फुटांचा म्हणून बोहरी आळीतून आणलेल्या तीन इंची पीव्हीसी पाइपात तो पाठीवर बसतो आणि स्कूटर चालवता येते. अखंड 7 फुटी रॉड घेऊन चांदणी चौक ओलांडून दाखवा, मग बोलू.

घरच्यांचं मत विचाराल, तर गणेश पेठेत मासे मिळतात, असं आहे.

जूनमध्ये आमच्या इमारतीच्या लिफ्टच्या जाळीच्या दारात शेंडा सापडला. जोडलेला रॉड घेऊन लिफ्टमध्ये शिरायची घाई नडली. वरचा इंचभर तुटला. तुटलेल्या तुकड्यावरची टिप-टॉप (टोकाची कडी) लायटरने गरम करून काढली, उरलेला शेंडा बारीक पॉलिश पेपरने घासला, आणि ग्लू-गनच्या गोंदाने तीच टिप-टॉप, बाकीच्या गाइडच्या रेषेत डोळ्याने जुळवून, पुन्हा बसवली. ग्लू-गनचा गोंद अशासाठी की पुन्हा तुटला तर गरम करून सुटतो. फेकीत मला तरी फरक जाणवत नाही. लेबलवर अजून 7 फूटच लिहिलंय, टेप लावली तर 6 फूट 11 इंच भरतो.