चटणीचं दुकान, गुगलचा मॅप आणि बारा हजारांची डिजिटल सर्व्हिस

आधी स्टार सांगतो, मग रडगाणं. आमचं दुकान ऑनलाइन आणून देतो म्हणणाऱ्या एजन्सीला पाचपैकी एक, तोही त्यांचा पोरगा आईच्या पाया पडला म्हणून. गुगल बिझनेस प्रोफाइलला (मॅपवर दुकानाचं नाव, पत्ता, फोटो दिसतात ते पान) साडेचार आणि व्हॉट्सॲप बिझनेसला चार. एजन्सीचं नाव लिहीत नाही, असले गल्लोगल्ली आहेत, तुमच्याकडंही एखादा येऊन गेला असेल.

आमचं कोल्हापुरात चटणी कुटायचं दुकान आहे, दोन डंक (मिरची-मसाला कुटायची यंत्रं) आणि एक पिठाची गिरण, आई आणि काका बघतात, मी पुण्यात नोकरीला. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात आणि बायका उन्हाळ्यात वर्षाची चटणी एकदाच करून ठेवतात. मिरची वाळवून, देठं खुडून, धने-खोबरं-तीळ भाजून घरनं आणायचं आणि आम्ही कुटून द्यायचं. म्हणजे खरा धंदा मार्च ते मे, बाकी नऊ महिने दळण. त्या तीन महिन्यांत नवीन गिऱ्हाईक पत्ता चुकून पलीकडच्या गल्लीत गेलं की गेलंच, ते पुढच्या वर्षी पण तिकडंच जाणार.

तर २०२३ च्या फेब्रुवारीत त्या एजन्सीचा एक पोरगा दुकानात आला. काकी तुमचं ऑनलाइन काहीच नाही, मॅपवर नाव नाही, लोक शोधणार कसे, वगैरे. बारा हजारांत वेबसाइट, गुगल लिस्टिंग, पन्नास फाइव्ह स्टार रिव्ह्यू आणि 'टॉपला रँक' गॅरंटी. काकांनी पैसे दिले आणि मला दिल्यावर सांगितलं, आमच्या घरात असंच चालतं.

आठवड्यानं मी मॅपवर बघितलं तर दुकानाच्या नावापुढं 'बेस्ट नंबर वन मसाला इन कोल्हापूर' अशी शेपूट लावलेली. गुगलचा नियम साधा आहे, बोर्डावर जे नाव तेच तिथं टाकायचं, उगाच शब्द कोंबले तर प्रोफाइल सस्पेंड होऊ शकते. फोटो कुठल्या तरी परदेशी दुकानातले, काचेच्या बरण्या, लाकडी चमचे, डंकाचा पत्ताच नाही. आणि कॅटेगरी काय टाकावी, तर रेस्टॉरंट! आईला रोज दुपारी फोन यायचे, मिसळ संपली का, तांबडा-पांढरा मिळतो का. दोन दिवस तिनं समजावलं, तिसऱ्या दिवशी एकाला म्हणाली या, मिरची कुटत्या, तीच खावा.

रिव्ह्यू तर एकाच दिवशी पडले सगळे. 'नाइस ॲम्बियन्स, फॅमिलीसाठी उत्तम'. अहो आमच्या ॲम्बियन्समध्ये पाच मिनिटं उभं राहिलं की माणूस शिंकून शिंकून लाल होतो. महिन्याभरात त्यातले निम्मे गायब झाले. विकतचे रिव्ह्यू गुगलला चालत नाहीत, सापडले की काढून टाकतात. आणि टॉपच्या गॅरंटीबद्दल सांगायचं तर गुगल स्वतःच सांगतं की मॅपवर वर येण्यासाठी पैसे देऊन काही होत नाही. तुम्ही काय शोधताय, दुकान किती लांब आहे आणि दुकानाची ओळख किती, या तीन गोष्टींवर ते ठरतं. जाहिरात वेगळी, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. म्हणजे त्या पोरानं जे विकलं ते त्याच्या हातातच नव्हतं.

पण खरा दणका पुढच्या वर्षी. ती जी 'वेबसाइट' होती ना, ती गुगल प्रोफाइलसोबतच फुकट तयार व्हायची, पत्त्याच्या शेवटी बिझनेस डॉट साइट असायचं. दहा मिनिटांचं काम. गुगलनं मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या साइट बंद केल्या, ऐन आमच्या सीझनला. १० जूनपर्यंत लिंक दाबली की निदान प्रोफाइलवर तरी जायची, नंतर तेही बंद. आणि काकांनी हौसेनं दोन हजार कापडी पिशव्यांवर तोच पत्ता छापून घेतलेला. अजून माळ्यावर गठ्ठे पडलेत, आई त्यात कडधान्य भरते.

एजन्सीला फोन केला तर नंबर बंद. मग कळलं की प्रोफाइलची मालकी त्यांच्याच जीमेलवर आहे. दुकान आमचं, शटर आमचं, वीजबिल आम्ही भरतोय आणि मॅपवर मालक कोण तर तो! साधं सुट्टीचं वार बदलायचं तरी आम्हाला जमेना. मग मी मालकीची रिक्वेस्ट टाकली. समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात, त्यानं दिलंच नाही तर पुढं स्वतः व्हेरिफाय करून ताबा घ्यायचा पर्याय येऊ शकतो. आम्हाला आला.

व्हेरिफिकेशनला व्हिडिओ मागितला. एकच सलग शूटिंग, मध्ये कट नाही, बाहेरचा रस्ता आणि बोर्ड दिसला पाहिजे, आतलं सामान दिसलं पाहिजे आणि दुकान आपणच चालवतो हे दिसलं पाहिजे, म्हणजे कुलूप उघडणं वगैरे. पहिला व्हिडिओ रिजेक्ट झाला आणि चूक आमचीच. बोर्डावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स लागलेला, खालून आमच्या नावाचं फक्त शेवटचं अक्षर दिसत होतं. काकांना तो काढायला लावला तर म्हणाले दोन दिवस थांब, वाढदिवस होऊ दे, उगं वाद नको. थांबलो. दुसऱ्या व्हिडिओत आई कंबरेची किल्ली काढून शटर वर करते, लाइट लावते, डंक सुरू करते आणि शेवटी माझीच जोरदार शिंक. तो पास झाला.

मग रविवारची एक दुपार बसून सगळं नीट केलं. नाव बोर्डावरचं, कॅटेगरी मसाल्याच्या दुकानाची. फोटो मोबाइलवरच काढले, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीचे शेजारी शेजारी ढीग, डंकाखाली लाल झालेली उखळं, आणि सगळ्यात कामाचा फोटो म्हणजे खडूनं लिहिलेला दराचा फळा. तो टाकल्यापासून 'किलोला काय घेता' हे फोन निम्म्यावर आले. अमावस्येला आम्ही बंद ठेवतो, त्या तारखा प्रोफाइलच्या स्पेशल अवर्समध्ये (सुट्टीचे, वेगळ्या वेळेचे दिवस टाकायची जागा) आधीच भरून ठेवतो, नाहीतर माणूस दहा किलो मिरची गाडीवर लादून येतो आणि शटर बघून शिव्या घालत जातो.

आता रिव्ह्यू खरे येतात, थोडे येतात. एकीनं एक स्टार देऊन लिहिलं, चटणी फार तिखट झाली. आईनं मला फोनवर उत्तर सांगितलं, जसंच्या तसं टाकलं: 'ताई, संकेश्वरी जास्त आणि ब्याडगी कमी तुम्हीच आणली होती, पुढच्या वेळी उलट करा, रंग पण चांगला येईल.' बाई ह्या वर्षी परत आल्या.

व्हॉट्सॲप बिझनेसचं ॲप पण फुकटच आहे. कॅटलॉगमध्ये तयार चटणी पाव किलोपासून टाकलीय, पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी त्यातनंच येतात (तयार पाकीट विकायचं तर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न परवान्याचा, १४ अंकी नंबर पाकिटावर लागतो, तो आधी काढा). ॲपमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चॅटला लावायची लेबलं हे मला सगळ्यात आवडलं, 'मिरची आली', 'कुटून तयार', 'पैसे बाकी'. काका फक्त तिसरं उघडून बसतात. एक स्टार का कापला, तर रात्री दुकान बंद झाल्यावर आपोआप जाणारा मेसेज मी हौसेनं इतका गोड लिहिला की लोक त्यालाच उत्तर देत बसतात, आणि आईची झोप जाते. आता तो एका ओळीचा केलाय.

मागच्या महिन्यात आईला परत फोन आला होता, दुसराच कुणी, म्हणे मॅडम तुमचं गुगल लिस्टिंग एक्सपायर होतंय, आजच तीन हजार भरा. प्रोफाइलला गुगल पैसे घेतच नाही. आईला हे माहीत होतं का मी विचारलं तर म्हणाली, माहीत न्हवतं, पर आपली चटणी वर्षभर एक्सपायर होत न्हाई, मॅपचं काय घेऊन बसलास. आणि फोन ठेवून डंक लावायला गेली, गिऱ्हाईक थांबलेलं.