शिदोरी घेऊन डिस्ने वर्ल्डला: दोन लहान मुलांच्या जेवणांचा आढावा

साताऱ्याहून अमेरिकेला जायचे ठरले, तेव्हा आप्तेष्टांचे बहुतेक प्रश्न व्हिसाचे आणि विमानाचे होते. माझ्या मनात मात्र दोनच महिने आधीपासून एक प्रश्न घोळत होता: सात वर्षांची मुलगी, पावणेतीन वर्षांचा मुलगा आणि शुद्ध शाकाहारी सासूबाई हे तिघे फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये पाच दिवस दोन्ही वेळा खाणार काय? मे महिन्याच्या सुट्टीत ही सहल झाली आणि परत आल्यापासून आमच्या शाहूपुरीतल्या तीन घरांनी मला हाच प्रश्न विचारला. म्हणून तिथल्या खाण्यापिण्याच्या व्यवस्थेचा हा आढावा सविस्तर लिहीत आहे. राइड्स, आतषबाजी आणि रांगा यांबद्दल इतरत्र भरपूर वाचायला मिळते, त्यामुळे तो विषय मी बाजूला ठेवला आहे.

प्रथम जागेची कल्पना हवी. डिस्ने वर्ल्ड हे एक उद्यान नसून सुमारे १०० चौरस किलोमीटरांचा परिसर आहे. त्यात १९७१ साली सुरू झालेले मॅजिक किंगडम, १९८२ चे एपकॉट, १९८९ चे हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ चे अ‍ॅनिमल किंगडम अशी चार मोठी उद्याने, शिवाय अनेक हॉटेले आहेत. एका उद्यानातून दुसऱ्यात जाण्यासाठी बस, मोनोरेल किंवा बोट घ्यावी लागते. त्यामुळे ‘भूक लागली की खोलीवर जाऊन जेवू’ हा बेत कागदावर सोपा दिसला, तरी प्रत्यक्षात खोलीत पोहोचेपर्यंत तासभर सहज जातो. लहान मुलाची भूक तेवढा वेळ थांबत नाही.

या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे उद्यानात स्वतःचे खाणे नेऊ देतात. आपल्याकडे मोठ्या उद्यानांत आणि चित्रपटगृहांत बाहेरचे खाणे दारातच काढून ठेवावे लागते, अशी सवय झाल्यामुळे मला आधी हे खरे वाटले नाही. नियम मात्र नीट वाचून जावेत. खाणे स्वतःच्या उपयोगापुरते असावे, ते गरम करण्याची किंवा थंड ठेवण्याची गरज असू नये, त्याला उग्र वास नसावा. काचेची भांडी चालत नाहीत, फक्त बाळाच्या खाण्याच्या लहान बरण्यांना सूट आहे. सुटा बर्फ आणि मद्य यांना मनाई आहे. ही अट वाचताना मला आपली शिदोरी आठवली. दशमी, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, राजगिऱ्याचे लाडू हे सगळे पदार्थ न तापवता, न थंड करता दिवसभर टिकावेत याच हिशेबाने आपल्या आज्या-पणज्यांनी बसवलेले आहेत. वासाच्या अटीमुळे लसणीची चटणी तेवढी मी खोलीवर ठेवली आणि तिच्या जागी शेंगदाण्याची बिनलसणीची चटणी नेली.

साताऱ्याहून काय न्यावे, याचा विचार सामान भरण्याच्या आधीच करावा. अमेरिकेत उतरताना सोबतचे सर्व खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात आणि ताजी फळे-भाज्या व दुधाचे पदार्थ नेण्यावर कडक निर्बंध आहेत. म्हणून मोती चौकातले कंदी पेढे आम्ही घरीच ठेवले. नेले ते मेतकूट, नाचणीसत्त्व, भाजके पोहे, चुरमुऱ्यांचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू आणि मखाणे. विजेची छोटी शेगडी न्यावी, असा एका शेजारणीचा सल्ला होता. तो माझ्या पतींनी मोडून काढला, आणि ते योग्यच झाले. आपल्या २३० व्होल्टसाठी बनवलेल्या शेगडीला तिथल्या १२० व्होल्टवर जेमतेम चौथा हिस्सा उष्णता मिळते, शिवाय हॉटेलच्या खोलीत शेगडी पेटवण्याला परवानगी नसते.

त्याऐवजी आम्ही खोली निवडताना स्वयंपाकाच्या सोयीकडे पाहिले. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या डिस्नेच्याच हॉटेलात कुटुंबासाठी मोठ्या खोल्या आहेत, ज्यांत छोटे स्वयंपाकघर, मायक्रोवेव्ह, फ्रिज आणि बेसिन असते. साध्या खोलीपेक्षा हे भाडे बरेच जास्त आहे, तरीही लहान मुले बरोबर असतील तर मी पुन्हा हाच खर्च करीन. मायक्रोवेव्हमध्ये खोलगट भांड्यात दुप्पट पाणी घालून तांदूळ ठेवले, की वीस मिनिटांत मऊ भात होतो. जवळच्या ओरलँडो शहरात भारतीय किराणा दुकाने आहेत. तिथून तूप, दही, दूध आणि गोठवलेल्या पोळ्या आणल्या की मुलांचे निम्मे जेवण खोलीतच उरकते. पहिल्या दोन रात्री ही तयारी किती आवश्यक होती, ते कळले. उन्हाळ्यात फ्लोरिडाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे मुले पहाटे तीनला टक्क जागी होऊन ‘भूक लागली’ म्हणत होती. त्या वेळी कोणतेही उपाहारगृह उघडे नसते. तूप-मेतकूट-भाताची वाटी हातात दिली, तेव्हा कुठे धाकटा पुन्हा झोपी गेला.

उद्यानातल्या खाण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात काउंटरवरून घेऊन खायचे असते, दुसऱ्यात टेबलावर बसून वाढले जाते. काउंटरवरच्या बहुतेक ठिकाणी डिस्नेच्या मोबाइल अ‍ॅपवरून आधी मागणी नोंदवून, पैसे भरून, ठरावीक वेळेत ताट उचलता येते. भुकेले मूल कडेवर घेऊन रांगेत उभे राहणे यामुळे टळते, आणि म्हणून मला ही सोय सगळ्यांत उपयोगी वाटली. आम्ही सकाळी राइडच्या रांगेतच दुपारच्या जेवणाची वेळ निवडत असू, आणि ती वेळ अकराची. साताऱ्यात आमच्या घरी एक वाजता पाने वाढली जातात, पण तिथे अकराला जेवल्यास बसायला जागा मिळते, वातानुकूलित सभागृहात विश्रांती होते, आणि बारा ते दीडची गर्दी सुरू होते तेव्हा मुले पोटभर जेवून बाबागाडीत पेंगत असतात. पेयांची यंत्रे असलेल्या काउंटरांवर बर्फ घातलेल्या पाण्याचे पेले मोफत मिळतात. मे महिन्याच्या दमट उन्हात आम्ही दिवसाला किमान पंधरा पेले घेतले असतील, त्यामुळे पाण्याच्या बाटल्यांचा खर्च शून्य झाला.

मुलांच्या ताटाबद्दल थोडे सविस्तर लिहिते. २००६ साली डिस्नेने मुलांच्या पोषणासाठी स्वतःचे नियम आखले आणि २०१२ पासून त्या कसोटीला उतरणाऱ्या पदार्थांवर ‘मिकी चेक’ ही खूण दिसू लागली. मुलांच्या ताटात तळलेल्या बटाट्यांऐवजी गाजर, संत्री, सफरचंदाचा गर, दही असे पर्याय मागता येतात आणि सोबत दूध मिळते. आमच्या मुलीने गाजर आणि संत्री आवडीने खाल्ली. शाकाहारी मुलाला मुख्य पदार्थ म्हणून मात्र बहुतेक वेळा चीज घातलेली मॅकरोनी, पिझ्झा किंवा चीज सँडविच हेच मिळते. दोन दिवस ते ठीक वाटते, तिसऱ्या दिवशी मूल वरणभात मागते. अंडे तिथे शाकाहारात धरले जाते, म्हणून सासूबाईंसारख्यांसाठी अंडे, जिलेटिन आणि मांसाचा रस्सा यांची चौकशी प्रत्येक ठिकाणी वेगळी करावी. चौकशी केल्यावर आम्हाला सगळीकडे नीट उत्तर मिळाले.

अ‍ॅनिमल किंगडममधल्या सातुली कँटीनमध्ये भात, भाज्या आणि टोफू (सोयाबीनचे पनीर) असे वाडग्यात घालून देतात. चव आपल्यासारखी मुळीच नाही, पण गरम भात दिसताच सासूबाईंचा चेहरा खुलला. मॅजिक किंगडममध्ये अननसाचे ‘डोल व्हिप’ हे मऊ आईसक्रीमसारखे गोड आवर्जून खावे. त्यात दूध नसते आणि उन्हातून आल्यावर ते घशाला फार बरे वाटते.

टेबलावरच्या जेवणाची नोंदणी ६० दिवस आधी सुरू होते आणि डिस्नेच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या १० दिवसांपर्यंतची नोंदणी एकदमच करता येते. आम्ही मात्र तीनच जेवणे नोंदवली आणि तीही जास्तच होती, असे आता वाटते. डिस्नेच्या बाहेरच्या एका उपाहारगृहात रात्री आठची वेळ घेतली होती. तिथे टेबल मिळेपर्यंत पाऊण तास गेला, आणि ताट येईपर्यंत धाकटा पतींच्या खांद्यावर झोपला. उठल्यावर त्याने आईसक्रीमसुद्धा खाल्ले नाही. लहान मुलाच्या झोपेची वेळ माहीत असताना ती वेळ निवडली, ही चूक आमचीच होती. त्यानंतर संध्याकाळी साडेपाचच्या पुढचे जेवण आम्ही नोंदवलेच नाही.

शेफ मिकीज या डिस्नेच्या बुफे उपाहारगृहात मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी आणि प्लूटो टेबलापाशी येऊन मुलांना भेटतात. तीन वर्षांखालच्या मुलांना बुफेचे पैसे पडत नाहीत, उद्यानाचे तिकीटही लागत नाही. मुलगी त्या सकाळबद्दल अजून रोज बोलते. धाकटा मात्र तो मोठा उंदीर पाहून आजीच्या पदरामागे लपला आणि त्याने काहीच खाल्ले नाही. बुफेचा दर मोठ्यांसाठी भरपूर असतो, आणि शाकाहारी माणसाला तो वसूल करणे अवघड जाते. पाच-सहा वर्षांपुढची मुले असतील, तर आठवणीसाठी एकदा जावे. त्याहून लहान मूल असेल, तर ते पैसे मी खोलीवर खर्च करीन.

याच्या उलट सना या ठिकाणी मी पुन्हा पुन्हा जाईन. हे उद्यानात नसून अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेज या भागात आहे, म्हणून तिथे जायला उद्यानाचे तिकीट लागत नाही. आफ्रिकी स्वयंपाक आणि भारतीय मसाले यांचा मेळ घालणारे हे उपाहारगृह २००९ साली सुरू झाले. तिथे वेगवेगळ्या प्रकारच्या नान-पराठ्यांबरोबर लहान वाट्यांमध्ये तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या, रायते आणि लोणच्याजवळ जाणारे पदार्थ येतात. पाच जणांनी मधोमध ठेवून खाण्याचा हा प्रकार आपल्या पंगतीला फार जवळचा वाटला. मुलीने रायत्यात पराठा बुडवून खाल्ला, धाकट्याने नुसता नान चघळला, आणि सासूबाईंनी चार दिवसांनी पहिल्यांदा बोटांनी जेवताना कोणाकडे पाहिले नाही. मात्र नोंदणी दुपारचीच घ्यावी. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात, त्यामुळे ताट येईपर्यंत मुलांना गुंतवण्यासाठी मोबाइल काढावा लागत नाही. अंधार पडल्यावर हे दृश्य दिसत नाही.

चारही उद्यानांत बाळांसाठी बेबी केअर सेंटर आहे, आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही. मॅजिक किंगडममध्ये ते मुख्य रस्त्याच्या टोकाला, क्रिस्टल पॅलेस या उपाहारगृहाजवळ आहे. आत स्तनपानासाठी शांत खोली, उंच खुर्च्या, बेसिन आणि मायक्रोवेव्ह आहे. आम्ही रोज दुपारी तिथे नाचणीसत्त्वाची पेज गरम केली. बाहेर तोफांसारखा आवाज करणारी मिरवणूक चालू असताना आतला तो गारवा आणि शांतता यांमुळे धाकटा रोज वाटीभर पेज संपवत असे.

आधीच पैसे भरून घेण्याची जेवणाची योजनाही आहे. आम्ही गेलो तेव्हा तिचा दर दहा वर्षे व त्यापुढच्यांसाठी एक आणि तीन ते नऊ वयासाठी दुसरा होता, आणि तीन वर्षांखालचे मूल मोठ्यांच्या ताटातले खाते, असे धरलेले आहे. ज्यांना रोज टेबलावर बसून सामिष जेवायचे आहे, त्यांना ती परवडेल. आमच्या पाच जणांपैकी एक उपास करणारी, एक अर्धे ताट खाणारी आणि एक पेजेवर राहणारा, त्यामुळे आम्ही ती घेतली नाही.

चौथ्या दिवशी सासूबाईंची संकष्टी होती. त्यांनी साताऱ्याहून पंचांग आणले होते, पण त्यातला चंद्रोदय फ्लोरिडात उपयोगाचा नव्हता. मुलीने मोबाइलवर तिथली वेळ शोधून दिली. दिवसभर मखाणे, राजगिऱ्याचा लाडू आणि काउंटरवरची ताजी फळे यांवर त्यांचा उपास नीट निभावला. रात्री आतषबाजी संपल्यावर गर्दी ओसरत असताना त्यांनी झाडांवर आलेला चंद्र पाहून हात जोडले, आणि खोलीवर येऊन मेतकूट-भाताने उपास सोडला. पुढच्या वेळी मेतकूट अर्धा किलो जास्त नेणार आहे आणि चिवड्याची एक पिशवी कमी करणार आहे. चिवडा बाबागाडीत सांडतो.