मँचेस्टरचा अंधार की पर्थचे ऊन?

डिसेंबरात मँचेस्टरमधली शाळा सव्वातीन-साडेतीनला सुटते आणि मूल घरी येऊन दप्तर टाकते तोवर दिवेलागण झालेली असते. पर्थमध्ये वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही सुमारे दहा तास उजेड असतो. ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या मराठी घरांत ऑस्ट्रेलियाचा विषय निघतो तो बहुधा अशाच एखाद्या संध्याकाळी. माझ्या मते मात्र हा निर्णय उन्हापेक्षा वयावर आणि पेन्शनवर घ्यावा.

ऑस्ट्रेलियाच्या गुणांवर आधारित कुशल व्हिसासाठी वय ४५च्या आत असावे लागते. किमान ६५ गुण लागतात आणि चाळिशी गाठताच वयाचे गुण २५ वरून १५ वर येतात, त्यामुळे अडतिसाव्या वर्षी ‘बघू पुढे’ म्हणणे महागात पडते. ब्रिटिश सरकारी पेन्शन किमान १० वर्षांच्या विमा-वर्गणीनंतर मिळते आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी ती दरवर्षी वाढते. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांना मात्र ती मिळते, पण वाढत नाही. याउलट तिथे जुलै २०२५ पासून मालकाला पगाराच्या १२ टक्के रक्कम निवृत्तीनिधीत भरावी लागते. पस्तिशीत जाणाऱ्याचा हा निधी साचायला पुरेसा काळ मिळतो, पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर जाणाऱ्याचा तितका नाही. शिवाय ब्रिटनमधल्या कायम वास्तव्याचा परवाना सलग दोन वर्षे बाहेर राहिल्यास संपुष्टात येतो. म्हणून परतीची वाट हवी असेल, तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागणार हे धरून आधी ब्रिटिश नागरिकत्वाचा विचार करावा लागतो.

उन्हाची किंमतही मोजावी लागते. सत्तरी गाठेपर्यंत दर तीन ऑस्ट्रेलियनांपैकी दोघांना कोणता ना कोणता त्वचेचा कर्करोग झालेला असतो. आपल्या वर्णाला धोका कमी असला, तरी टोपी विसरलेल्या मुलाला मधल्या सुट्टीत सावलीतच बसवण्याचा शाळांचा नियम सर्वांना सारखाच आहे. थंडीही पुरती सुटत नाही, कारण पर्थच्या बऱ्याच घरांत सेंट्रल हीटिंग नसते आणि जुलैत रात्री घरातच स्वेटर चढवावा लागतो. (संक्रांतीचे उष्ण तीळ भर उन्हाळ्यात खायचे, ही गंमत वेगळीच.)

आई-वडील पुण्यात असतील, तर पर्थचे पारडे जड आहे. तिथे संध्याकाळी सहाला फोन लावला, तर पुण्यात साडेतीन वाजलेले असतात. मँचेस्टरमध्ये हिवाळ्यात त्याच वेळी लावला, तर साडेअकरा, म्हणजे ते झोपलेले.

आधी पाहून यायचे असेल, तर रानफुलांच्या सप्टेंबरात न जाता फेब्रुवारीत जावे आणि दुपारी दोनला बसथांब्यावर उभे राहून पाहावे.