दान सायला जाताय? तिसरा दिवस सोडू नका

माझं गाव जव्हारकडचं. बोहाड्यात, म्हणजे आमच्याकडच्या मुखवट्यांच्या उत्सवात, संबळावर नाचणारी सोंगं बघत मी वाढलो. म्हणून थायलंडच्या लोई प्रांतातला फी ता खोन हा भुताखेतांच्या मुखवट्यांचा तीन दिवसांचा उत्सव एकदा डोळ्यांनी बघायचाच होता. तो भरतो ते दान साय लोई शहरापासून 80 किलोमीटरच्या आसपास. रस्ता डोंगरातला, पण चांगला.

आम्ही एका कुटुंबाच्या घरी उतरलो होतो. खोली साधी, स्वच्छ. ओसरीवर घरातल्या आजी मुखवटे रंगवत बसल्या होत्या. चिकट भात वाफवायची बांबूची टोपली, तीच मुखवट्याची टोपी. खाली चेहऱ्याला माडाच्या झावळीचा बुडाकडचा रुंद भाग, त्यावर हलक्या लाकडाचं सोंडेसारखं लांब नाक. आजींनी एक माझ्या डोक्यावर चढवला. आत रंगाचा वास, आणि आपलाच श्वास कानात घुमतो. आमच्याकडे सोंग घेणारा माणूस मुखवट्याला आधी हात का जोडतो, ते आठवलं.

दुसऱ्या दिवशीची मिरवणूक जबरदस्त: ठिगळांचे रंगीत झगे, कमरेला खणखणणाऱ्या घंटा, पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळं गाव रस्त्यावर. पण आमच्या टूरवाल्याने एवढा एकच दिवस धरला होता, हे मला अजिबात पटलं नाही. पदरचे पैसे भरून आम्ही पुढे-मागे एकेक दिवस वाढवला. पहिल्या पहाटे मान नदीतून उपगुप्त या बौद्ध भिक्षूला वाजतगाजत बोलावून आणतात. तिसऱ्या दिवशी वात फोन चाय मंदिरात वेस्संतर जातकाचे, म्हणजे बुद्धाच्या राजपुत्र वेस्संतर या पूर्वजन्माच्या कथेचे, 13 अध्याय वाचले जातात. वनवासातून परतणाऱ्या या राजपुत्राच्या स्वागताला भुतंही निघाली, अशी या मिरवणुकीची कथा. अजिंठ्याच्या 17 नंबरच्या लेण्यात याच राजपुत्राची चित्रं आहेत! वाचनातलं अक्षर कळत नव्हतं, तरी तासभर हललो नाही. पुढ्यात एक मुलगा आजीला टेकून बसला होता. कानामागे कालचा हिरवा रंग तसाच.

फ्रा थात सी सोंग राक हा पांढरा स्तूप जरूर बघा. अयुथ्या (आजचं थायलंड) आणि लान शांग (आजचं लाओस) या दोन राज्यांच्या मैत्रीखातर 1560 ते 1563 मध्ये बांधलेला. तिथे लाल रंग चालत नाही, लाल फुलंसुद्धा नाहीत. बायकोला लाल ओढणी गाडीत ठेवून यावी लागली. हे आम्हाला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

शाकाहारी असाल तर पपईच्या सॅलडमध्ये माशाचा रस नको, हे थाई भाषेत लिहूनच न्या. चिकट भात, केळी, उकडलेलं कणीस यांवर आमचं छान भागलं.

घराला पाचपैकी पाच, टूरवाल्याला दोन. उत्सव बहुधा जून-जुलैत असतो, पण तारखा दरवर्षी गावचे जाणते पुजारी ठरवतात. त्या जाहीर झाल्यावरच तिकीट काढा.